मिकलमस म्हणजे ख्रिसमस नव्हे

संपादकसाहेब, नमस्कार.

भाच्याला ऑक्सफर्डला अ‍ॅडमिशन मिळाली. पत्रात मायकेलमस टर्म असं लिहिलेलं, ताईला वाटलं ख्रिसमसच असणार, तिने डिसेंबरची तिकिटं बघायला घेतली, मग पोरानेच सांगितलं की अगं ही टर्म ऑक्टोबरात सुरू होते आणि उच्चारही मिकलमस आहे.

टर्मचं नाव मायकेल देवदूताच्या सणावरून, तो 29 सप्टेंबरला असतो. इंग्लंडात तो जमिनीचा खंड भरायचा आणि शेतावर गडी ठेवायचा दिवस होता, आपल्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं ना, अगदी तसंच! पुढची हिलरी टर्म जानेवारीत, कारण 13 जानेवारी हा चौथ्या शतकातल्या हिलरी नावाच्या बिशपचा दिवस, आणि उन्हाळ्यातली ट्रिनिटी. केंब्रिजवाल्यांचं वेगळंच, ते मिकलमस, लेंट आणि ईस्टर म्हणतात. साध्या सरकारी शाळांत मात्र ऑटम, स्प्रिंग, समर. ईटन या नामांकित खासगी शाळेत टर्मला हाफ म्हणतात, आणि वर्षात हाफ तीन, आता बोला.

लंडनच्या कोर्टातही मिकलमस, हिलरी, ईस्टर, ट्रिनिटी अशी चार नावं चालतात. खरं तर 1870 च्या दशकातल्या कायद्याने कोर्टाच्या टर्म रद्द करून सिटिंग (म्हणजे कोर्ट बसण्याचा काळ) केल्या, तरी नावं काही गेली नाहीत. हिलरी सिटिंग ईस्टरच्या आधी संपतं आणि ईस्टर पौर्णिमेवरून ठरतो म्हणून दरवर्षी सरकतो, म्हणजे कोर्टाचं कॅलेंडरसुद्धा चंद्राकडे बघून ठरतं.

आणि पूर्वी बॅरिस्टर व्हायचं तर टर्म भराव्या लागत, म्हणजे लंडनच्या बॅरिस्टरांच्या संस्थेत (तिला इन म्हणतात) जाऊन जेवायचं! गांधीजी 1888 ला इनर टेंपल या इनमध्ये गेले तेव्हा बारा टर्म लागायच्या आणि दर टर्मला साधारण चोवीसपैकी निदान सहा जेवणं. चौघांत वाइनच्या दोन बाटल्या मिळायच्या आणि गांधीजी पीत नसत, त्यामुळे आपल्या टेबलावर ते हवेत म्हणून पोरांची ओढाताण. बाबासाहेबही ग्रेज इनचे, 1916 चा प्रवेश.

म्हणून विनंती एवढीच, लंडनच्या कोर्टाची बातमी छापताना हिलरीचं ‘दुसरं सत्र’ करू नका. कोर्टाचं वर्ष ऑक्टोबरला सुरू होतं, आपला वाचक जानेवारीपासून मोजणार आणि भलताच महिना धरून बसणार, आमच्या ताईसारखा. हिलरीच लिहा, हवं तर पुढे जानेवारी टाका.

— एक वाचक, सातारा