आप्पांना पत्र: घरातली जुनी वायर काढू देऊ नका

कोलंबस, ओहायो
१२ ऑक्टोबर

ती. आप्पा आणि माय,
साष्टांग नमस्कार.

इथे आम्ही सगळे खुशाल. भाऊ परवा फोनवर म्हणाला की घरी फायबर घ्यायचं ठरलंय, आणि फायबरवाला पोरगा म्हणतोय, "जुन्या टेलिफोनच्या वायरी काढून टाका, आता कशाला लागतात?" तेव्हापासून हे पत्र डोक्यात आहे. व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं मावत नाही, आणि बोलायला बसलं की माय पाचव्या मिनिटाला भरताच्या वांग्यांवर येते. म्हणून आधीच सांगते, वायरी काढू देऊ नका. जुन्या वायरींवरच नवा फोन चालवायचं काम आम्ही नुकतंच या घरात केलंय.

घर १९६० च्या दशकातलं आहे, खाली तळघर. प्रत्येक खोलीच्या भिंतीत टीव्हीच्या केबलचं एक तोंड आणि टेलिफोनचं एक सॉकेट. इंटरनेट तर लागणारच होतं, यांचं काम घरूनच चालतं. पण टीव्हीच्या केबलवरूनच घरचा फोनही घेतला, त्याला कारणं आहेत. दिवाळीनंतर सासूबाई येताहेत, त्यांचं आणि स्मार्टफोनचं जमत नाही. तळघरात मोबाइलला रेंज नाही. आणि घरच्या फोनवरून ९११ लावला की पलीकडच्या माणसाला आपला पत्ता समोर दिसतो. बोलणाऱ्याला धड सांगता आलं नाही तरी गाडी दारात येते. फक्त केबलच्या फोनसाठी हा पत्ता कंपनीकडे नीट नोंदवून घ्यावा लागतो, आणि घर बदललं की पुन्हा.

कंपनीच्या बाई फोनवर फार गोड बोलल्या. माणूस पाठवते, त्याची फी वेगळी. नाहीतर सामानाचा खोका पाठवते, तुमचं तुम्ही जोडा. मी खोका मागवला. यांनी विचारलं, "जमेल का?" म्हटलं, टेलिफोनच्या लाइनमनची पोरगी आहे मी.

केबलचं काम आधी उरकलं. बाहेरून येणारी केबल भिंतीवरच्या अर्थिंगच्या तुकड्यातून तळघरात येते आणि तिथे स्प्लिटरमधून घरभर फुटते. आमचा स्प्लिटर आठ तोंडांचा निघाला. विहिरीचं पाणी एका पाटातून दोन पाटांत सोडलं की धार निम्मी होते, तसंच इथे आहे: दोन तोंडांच्या स्प्लिटरमध्ये प्रत्येक तोंडाला साधारण साडेतीन डेसिबल तुटतात, चार तोंडांच्यात सात, आठच्यात अकराच्या आसपास. जुना टीव्ही तेवढ्यावर भागवून न्यायचा. मॉडेमचं तसं नाही, त्याला ऐकायचंही असतं आणि उलट बोलायचंही असतं. हे उलट बोलणं इथे पूर्वापार ५ ते ४२ मेगाहर्ट्झच्या खालच्या पट्ट्यात चालत आलंय, आणि टीव्हीच्या जमान्यातले कित्येक अ‍ॅम्प्लिफायर ही परतीची वाट देतच नाहीत. असा एक धूळ खात बसलेला आमच्या तळघरातही होता. तो काढला, दोन तोंडांचा नवा स्प्लिटर लावला, एक तोंड सरळ मॉडेमला आणि एक टीव्हीला. बाकीच्या खोल्यांच्या केबली सुट्या ठेवल्या.

केबलच्या सालीवर काय छापलंय तेही वाचलं. आरजी-५९ म्हणजे जुनी, बारीक, आरजी-६ जाड. दोन्ही ७५ ओहमच्याच, पण वरच्या फ्रिक्वेन्सीला बारीक केबल सिग्नल जास्त खाते. हॉलमधली आरजी-६ होती म्हणून मॉडेम हॉलमध्ये बसला, नाहीतर यांना तो आपल्या टेबलावर हवा होता. टोकं हाताने फिरवून मग पान्याने जराशी आवळली. टोक ढिलं राहिलं तर बाहेरचा गोंगाट आत शिरतो आणि परतीच्या वाटेने गल्लीतल्या सगळ्यांच्या लाइनवर जातो. काम बरं झालं की नाही तेही दिसतं: ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ टाकलं की मॉडेमचं पान उघडतं. तिथे येणाऱ्या सिग्नलची ताकद उणे ७ ते अधिक ७ डीबीएमव्हीच्या (हे सिग्नलचं माप) आत असली म्हणजे ठीक. नुसता जुना स्प्लिटर ठेवून पाहिलं तेव्हा उणे ६ होती, काठावर. आता अधिक २ आहे.

आता तुमचा विषय.

मॉडेमच्या पाठीला फोनची दोन तोंडं आहेत. एकच फोन हवा असेल तर तो तिथे लावायचा, टोन येतो, संपलं. पण मला सासूबाईंच्या खोलीत, स्वयंपाकघरात आणि तळघरात फोन हवा होता, आणि वायर तर सगळीकडे आधीच भिंतीतून गेलेली. सगळी सॉकेटं दोन तारांच्या एकाच जोडीवर पॅरलल. मग टोन बाहेरूनच आत आला पाहिजे असं कुठे आहे? मॉडेममधून साधी फोनची दोरी घेऊन हॉलमधल्या सॉकेटात खोचली की टोन तिथून उलटा फिरून सगळ्या खोल्यांत पोचतो.

मात्र त्याआधी बाहेरची जोडी तोडायची. इथे घराच्या बाहेरच्या भिंतीवर करड्या रंगाची प्लास्टिकची पेटी असते. तिचा एक भाग टेलिफोन कंपनीचा, तो बंद. दुसरा घरमालकाचा, साध्या पेचकसाने उघडतो. मालकाच्या भागात एक छोटा प्लग असतो. तो उपसला की आतली सगळी वायर बाहेरच्या जोडीपासून सुटते. घर विकणाऱ्यांनी सांगितलं होतं की लाइन केव्हाच बंद केली. मी मीटर लावला, ४९ व्होल्ट! बिल बंद झालं होतं, एक्स्चेंजची बॅटरी जोडीवर तशीच होती. लाइन डेड आहे असं कुणी तोंडी सांगितलं तर मानायचं नाही, हे तुम्ही आम्हाला जेवताना ऐकवायचात ना, ते इथे कामी आलं. ती डीसी उलटी मॉडेमच्या फोनच्या तोंडात शिरली असती तर ते तोंड जाण्याची भीती होती. प्लग उपसला, परत मीटर लावला, शून्य. मग प्लगला टेप गुंडाळली आणि पेटीत चिठ्ठी ठेवली की आत मॉडेमची लाइन आहे, जोडू नये. उद्या कंपनीचा एखादा माणूस सद्भावनेने तो प्लग परत खोचून जायचा.

हे चाललं असताना शेजारचे म्हातारबा कुंपणापाशी येऊन उभे. कुठून आलात, वगैरे. अमळनेर सांगून इथे कुणाला काय कळणार? म्हणून मी विप्रोचं नाव सांगते, की ती कंपनी १९४५ साली आमच्या गावात वनस्पती तुपासाठी सुरू झाली. "म्हणजे ते सॉफ्टवेअरवाले?" असं म्हणून ते माझ्या हातातल्या पेचकसाकडे जरा आदराने बघायला लागले. मी काही बोलले नाही.

टोन आला, पण मागे खर्रखर्र. इथे पहिल्या लाइनची जोडी लाल-हिरवी, पिवळी-काळी दुसऱ्या लाइनसाठी. अलीकडच्या घरांत निळी आणि पांढरी-निळी. मी एकेक खोली सोडवत गेले. तळघरातलं सॉकेट सोडवलं आणि आवाज एकदम स्वच्छ झाला. झाकण काढलं तर ओल लागून दोन्ही स्क्रूंवर हिरवा कीट चढलेला, आणि लाल वायरीचा एक केसाएवढा तंतू शेजारच्या स्क्रूला टेकलेला. टोकं कापली, नवी सोलली, नवं सॉकेट बसवलं. दातांनी नाही सोलली हं आप्पा. घंटी वाजताना लाइनवर ९० व्होल्टच्या आसपास एसी असतो. तुमच्या बरोबरच्या काकांनी खांबावर बसून दातांनी वायर सोलताना नेमकी घंटी आली होती, तेव्हा त्यांनी दिलेल्या शिव्या मायला अजून क्रमाने पाठ आहेत.

घंटीवरून आठवलं. मॉडेम किती फोनांच्या घंट्या वाजवू शकतो याला मर्यादा असते, बहुतेकांत पाच आरईएनची (घंटीला किती ताकद लागते त्याचं हे माप). हा आकडा प्रत्येक फोनच्या बुडाशी छापलेला असतो. जुना, खऱ्या घंटीचा फोन एकटाच साधारण एक खातो. आताचे कॉर्डलेस अगदी किरकोळ. बेरीज पाचच्या आत ठेवायची, नाहीतर घंट्या मरतुकड्या वाजतात किंवा वाजतच नाहीत.

एका बाबतीत मात्र तुमच्या तांब्याच्या लाइनची सर याला नाही. लोडशेडिंगमध्ये गल्लीभर अंधार असला तरी आपला काळा फोन चालू असायचा, कारण वीज एक्स्चेंजच्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांतून त्याच जोडीवर यायची. मॉडेम घरच्या विजेवर चालतो. वीज गेली की इंटरनेटही गेलं आणि फोनही. इथल्या सरकारी दूरसंचार आयोगाने २०१५ मध्ये कंपन्यांना नियम घातला होता की ग्राहकाला निदान ८ तास पुरेल अशा बॅटरीचा पर्याय द्यायचा; ती सक्ती २०२५ पर्यंतच होती. पैसे अर्थात ग्राहकाचे. सासूबाईंसाठी आम्ही बॅटरी घेतली.

आता घरचं. फायबरवाला ओएनटीचा डबा (म्हणजे फायबरचा मॉडेमच) ओट्यालगतच्या खोलीत लावणार, वीज आणि जागा तिथेच आहे. आपल्या धाब्याच्या घराच्या भिंती हातभराहून रुंद, मातीच्या. त्यातून ५ गिगाहर्ट्झचं वायफाय स्वयंपाकघरापर्यंत जाणार नाही, २.४ कसंबसं जाईल. म्हणजे मायला मागच्या बाजूला फोन हवा असेल तर तुम्ही स्वतः टाकलेली पॅरलल वायरच कामाची, आणि ती धड आहे. उंदरांनी इतकी वर्षं सोडलीय तर आता माणसाने कशाला तोडायची? ओएनटीला फोनचं तोंड आहे ना, एवढं त्या पोराला आधी विचारा. काही स्वस्त डब्यांना नसतं. असेल तर रोझेट (भिंतीवरची फोनच्या वायरी जोडायची डबी) उघडा, खांबावरून येणाऱ्या ड्रॉप वायरीची जोडी स्क्रूवरून काढून दोन्ही टोकं वेगवेगळी टेपने बांधा, मीटरने शून्य बघा, आणि ओएनटीची दोरी त्याच रोझेटला द्या. स्वयंपाकघर आणि माडी आपोआप चालू होतील. तुम्हाला हे मी सांगावं म्हणजे कमालच, पण भाऊ स्वतः करायला निघाला तर त्याच्यासाठी लिहितेय.

बंगळूरच्या आयटीआयचा (इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजचा) काळा डायलचा फोन मात्र जपून वापरा. घंटी वाजेल, उचलून बोलताही येईल. पण डायलचे ठोके पुष्कळ नव्या डब्यांना कळत नाहीत, त्यांना बटणांचे स्वर लागतात. माझ्या मॉडेमलाही कळत नाहीत. म्हणून तो माडीवर ठेवा, आणि स्वयंपाकघरात बटणांचा.

फायबरची तार खिळे ठोकून कोपऱ्यात काटकोनात दाबू देऊ नका. आत काच आहे, तीन-चार सेंटीमीटरहून आखूड वळण दिलं की प्रकाश गळू शकतो. तुटक्या टोकात डोळा लावून कुणी बघू नये, पोरांना आधीच सांगून ठेवा. बाहेरून आणताना ती उंचावरून घ्यायला लावा. वैशाखात रथ निघाला की तुम्ही बांबू घेऊन गल्लीतल्या वायरी उचलायला पुढे असायचात, आता ते काम भाऊच्या गळ्यात पडेल. आणि ओएनटीच्या अ‍ॅडॉप्टरवर किती व्होल्ट, किती अँपिअर छापलंय ते बघून त्याच मापाचा छोटा यूपीएस जळगावहून आणा. बहुतेक १२ व्होल्ट असतात. तो नसेल तर लाइट गेले की मायचा फोनही गेला. आधी एक्स्चेंजमध्ये जाऊन जुना नंबर फायबरवर तोच राहील का हेही लेखी विचारा. तिथे तुमची ओळख अजून आहे.

त्या पोरावर मात्र रागावू नका. त्याने रोझेट कधी उघडून पाहिलंच नसेल. चहा पाजा आणि मीटर दाखवा.

माय, तू हे सगळं ऐकून म्हणशील, "पोर परदेशमा जायी नि वायरी जोडी राह्यनी!" म्हण. इथल्या देशी दुकानात वांगी मिळतात पण गर पाणचट, काड्यांवर भाजण्याची सोयही नाही. भाऊचा मित्र डिसेंबरात येतोय, त्याच्याबरोबर कळण्याचं पीठ पाठव. भाजून, नीट बांधून.

घरचा नवा नंबर भाऊच्या मोबाइलवर पाठवला आहे. तुम्ही तिकडून लावू नका, आयएसडी पडेल. मीच रविवारी तुमच्या संध्याकाळी सातला करीन, तेव्हा इथे सकाळचे साडेनऊ असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी इथली घड्याळं तासभर मागे जातात. मग तुमच्या सातला इथे साडेआठ, आम्ही जरा झोपाळू आवाजात बोलू.

वहिनींना आणि पोरांना आशीर्वाद.

तुमची लेक

ता. क. रोझेटच्या आतला फोटो काढून भाऊला पाठवायला सांगा. झाकण उघडूनच काढ म्हणावं, मागच्या वेळी त्याने नुसत्या झाकणाचाच पाठवला होता.