सूचना: रविवारी पाणी बंद, टाक्यांची सफाई आणि बोअरचं जड पाणी

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी ९ ते दुपारी १ दोन्ही इमारतींच्या गच्चीवरच्या टाक्या धुतल्या जातील. पाणी पूर्ण बंद राहील. शनिवारी रात्रीच बादल्या भरून ठेवा. ऐनवेळी वॉचमनला फोन करू नका, त्याच्याकडेही पाणी नसेल.

महापालिकेचं धरणाचं पाणी कमी पडतंय, म्हणून सध्या बोअर आणि टँकर. पुण्याच्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम जास्त, म्हणूनच ते जड. साबणाला फेस नाही, डाळ शिजत नाही, या तक्रारी त्यामुळेच.

यावर उपाय होईपर्यंत घरी एवढं करा:

• गिझर ६० अंशांच्या वर ठेवू नका. पाणी जितकं तापतं तितका क्षार कॉइलवर बसतो. कॉइल जाते आणि तोवर वीजबिलही वाढतं.
• नळाची जाळी, शॉवर रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा. ॲसिड नको, नळाची चकाकी जाते. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र तर कधीच नको, विषारी क्लोरीन सुटतो.
• टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण घटक) मीटरवरचा आकडा म्हणजे जडपणा नव्हे! ग्रुपवर त्याचे फोटो पुरेत.

जडपणासाठी बोअरचा नमुना प्रयोगशाळेत देत आहोत. भारतीय मानकानुसार लिटरला २०० मिलिग्रॅम ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत. अहवाल आल्यावर सॉफ्टनरचा (जडपणा काढणाऱ्या यंत्राचा) खर्च मासिक सभेत ठेवू.

– सचिव