ताई, तुम्ही काकांच्या हातात पेन्सिल दिलीत

ताई,

परवा फोनवर आभार मानायला गेलो आणि घसाच दाटला. म्हणून लिहितोय.

तुमच्याआधी ज्या एजन्सीला आम्ही पैसे मोजले, तिने दूध संकलन केंद्राच्या ॲपचे चकाचक स्क्रीन पाठवले होते. रंग काय, सावल्या काय! केंद्रावर दाखवले तर सगळे 'छान आहे' म्हणाले. पहाटे रांग लागली की सचिव काका आपले पुन्हा वहीवर. तक्रार केली तर उत्तर आलं, 'युजरला ट्रेनिंग द्या.' उभा जन्म फॅट लावण्यात गेलेल्या माणसाला ट्रेनिंग!

तुम्ही तेच ॲप नव्यानं आखायला आलात, त्या जुन्या लग्नपत्रिका, कात्री आणि डिंक घेऊन. मला वाटलं, बालवाडी भरवताय. तेव्हा तुम्ही जेफ हॉकिन्सची गोष्ट सांगितलीत. 1996 साली त्यानं बनवलेला पाम पायलट, म्हणजे खिशात मावणारा छोटा कॉम्प्युटर, बाजारात आला, त्याआधी हा गडी त्याच मापाचा लाकडी ठोकळा खिशात घालून हिंडायचा आणि मीटिंगमध्ये त्यावर लिहिल्यासारखं करायचा. मग तुम्ही पत्रिकांच्या पुठ्ठ्यांचे स्क्रीन केलेत आणि स्वतःच कॉम्प्युटर झालात. काकांनी कागदी बटणावर बोट ठेवायचं, मनात येईल ते मोठ्यानं बोलायचं; तुम्ही मुकाट्यानं पुढचा पुठ्ठा सरकवायचा.

लिटर एका पुठ्ठ्यावर, फॅट दुसऱ्यावर, एसएनएफ, म्हणजे दुधातला फॅट सोडून उरलेला घन भाग, तिसऱ्यावर. दुसऱ्यावरच काका अडकले. मी सांगायला तोंड उघडलं, तर तुम्ही टेबलाखालून माझा हात दाबलात. काका ओशाळले. 'मला नाय जमत मॅडम, शिक्षण कमी.'

'तुम्ही नाही चुकलात काका, आमचा कागद चुकलाय,' म्हणालात आणि पेन्सिल त्यांच्या हातात दिलीत. खोडरबरसुद्धा.

त्यांनी वहीसारखी एकच ओळ आखली: लिटर, फॅट, एसएनएफ, दर. मग दर स्वतःच खोडला. 'ह्यो आपसूक यावा, मला टाकाय लावू नका.' चकाचक स्क्रीनला नावं ठेवायला त्यांना भीड पडली होती. पेन्सिलीच्या रेघा मात्र बिनधास्त खोडत होते.

बँकेत एखादा कारकून भेटतो ना, 'आजी, हा रकानाच बारीक छापलाय' म्हणत स्लिप भरून देणारा? माझ्या आईला एकदा भेटला होता. ती अजून त्याचं नाव काढते.

तुमचे पुठ्ठे काकांनी वहीच्या कव्हरात जपून ठेवलेत. काल निरोप दिलाय, 'गाय आन् म्हैस बटनं लई जवळ झाली, बोट चुकतंय. मॅडमला म्हणावं, येताना पेन्सिल आणा.'