कोळंबी घातली म्हणून नूडल्स हलक्या होत नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पाककृतींच्या सदरांत ‘सीफूड नूडल्स’ हलके, प्रथिनयुक्त जेवण म्हणून सुचवल्या जातात. मलेशियातील पेनांग आणि सिंगापूरच्या ‘चार क्वे तियाव’ला हे मुळीच लागू नाही. तांदळाच्या रुंद नूडल्स, मोजक्या कोळंब्या, शिंपले, अंडे, मुगाचे मोड, सोया सॉस, शिवाय डुकराची चरबी आणि चिनी सॉसेज. कष्टकऱ्यांचे पोट स्वस्तात भरणारा हा पदार्थ. एका प्लेटमध्ये ७०० कॅलरी सहज भरतात.

कोलेस्टेरॉलच्या भीतीने अनेक जण कोळंबी बाजूला काढतात आणि नूडल्स संपवतात. करायला हवे नेमके उलट! सोललेल्या १०० ग्रॅम कोळंबीत सुमारे २० ग्रॅम प्रथिने असतात, स्निग्धांश जेमतेम १ ग्रॅम. रक्तातले कोलेस्टेरॉल वाढवण्यात जास्त वाटा संपृक्त चरबीचा, आणि ती येते डुकराच्या चरबीतून व सॉसेजमधून.

घरी एका माणसासाठी ६० ग्रॅम कोरड्या नूडल्स, १०० ग्रॅम सोललेली कोळंबी (डोक्यासकट घेतल्यास साधारण दुप्पट), एक अंडे, १०० ग्रॅम मोड आणि दोन चमचे, म्हणजे १० मिली तेल घ्यावे. हे ५०० कॅलरींच्या आत बसते आणि प्रथिने ३० ग्रॅमच्या आसपास मिळतात.

तेल वाढते ते बहुधा ओल्या कोळंबीमुळे. पाणी सुटते, कढई थंडावते, नूडल्स चिकटतात आणि मग वरून तेल ओतले जाते. म्हणून कोळंबी फडक्याने कोरडी करावी, कढई चांगली तापवून दीड-दोन मिनिटे परतावी आणि रंग पालटून आतपर्यंत शिजताच काढून ठेवावी. नूडल्स कोमट पाण्यात वाकतील इतक्याच भिजवाव्यात. चौघांचे एकदम करू नये, एकेक प्लेट करावी. मोड शेवटच्या अर्ध्या मिनिटात.

मिठाकडे मात्र कुणाचेच लक्ष नसते. एक मोठा चमचा (१५ मिली) सोया सॉस म्हणजे सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम. दिवसाची मर्यादा २००० आहे. दोन लहान चमचे पुरेत, वेगळे मीठ नको.

पेनांग-सिंगापूरला शिंपले शेवटी टाकून अर्धेकच्चे ठेवतात. ते अनुकरण टाळावे. १९८८ मध्ये शांघायमध्ये असेच अर्धवट शिजलेले शिंपले खाऊन सुमारे ३ लाख लोकांना हिपॅटायटिस ए (यकृताचा संसर्ग) झाला होता. आपल्याकडच्या ‘तिसऱ्या’ (शिंपल्यांचाच एक प्रकार) वापरायच्या तर आधी वेगळ्या उकळाव्यात. तोंड उघडल्यावरही काही मिनिटे उकळू द्याव्यात. ज्या उघडत नाहीत त्या टाकून द्याव्यात.

– एक आहारतज्ज्ञ, रत्नागिरी