सहीआधी कागद घरी नेऊ द्या

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

हेपटायटिस सी या लिव्हरच्या विषाणूजन्य आजारावरच्या नव्या औषधाची चाचणी सुरू आहे, भाग घेता का, असं इंदूरच्या एका खासगी रुग्णालयात माझ्या काकांना विचारलं. विचारण्याबद्दल तक्रार नाही. काकांना ऐंशीच्या दशकात अपघातानंतर रक्त चढवलं होतं. लागण बहुधा तेव्हाचीच. हा विषाणू ओळखला गेलाच 1989 मध्ये, आणि 2001 पर्यंत आपल्याकडे रक्तपेढ्यांना त्याची तपासणी सक्तीचीही नव्हती. आता सरकारी कार्यक्रमात (2018 पासून) गोळ्या फुकट मिळतात आणि बारा आठवड्यांत शंभरातले पंचाण्णव बरे होतात. काका नेमके उरलेल्या पाचांतले. नवं औषध हवं आहे ते अशांसाठीच.

तक्रार आहे ती घाईची. समोर कागदांचा जाडजूड गठ्ठा, पानापानावर पेन्सिलीची फुली आणि वर "बाबूजी, जहाँ निशान है वहाँ साइन कर दीजिए." काकू म्हणाली, घरी नेऊन वाचतो. तर म्हणे, कॉपी साइन के बाद! माहितीपत्रकाची प्रत रुग्णाला द्यायचीच असते, हे औषधचाचण्यांच्या 2019 च्या नियमांत आहे. पण सही झाल्यावर वाचून करायचं काय?

काकूनं मग वहीत प्रश्न लिहून काढले. हेही औषध लागू पडलं नाही तर पुढचा उपचार कोण करणार? लिव्हर आधीच कडक झालंय, त्याला चालेल का? मधेच सोडलं तर नेहमीचे डॉक्टर तपासतील ना? सोडण्याचा हक्क आहे, आणि चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट, हे कागदात होतं. पण सोळाव्या पानावर.

हे इंदुरात घडावं याचं जास्त वाईट वाटतं. औषधचाचण्यांतल्या गैरप्रकारांविरुद्ध इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंच या संघटनेनं 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली होती. संमतीचं व्हिडिओ चित्रण करा, हा 2013 चा आदेश त्याच प्रकरणातला. पुढे 2015 मध्ये ती अट सरसकट राहिली नाही, ते सोडा.

चाचण्यांना मंजुरी देणाऱ्या शहरातल्या एथिक्स कमिट्यांनी एवढं करावं: माहितीपत्रक सहीच्या निदान दोन दिवस आधी रुग्णाच्या हाती द्यायला लावावं, आणि सीटीआरआय या औषधचाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला नोंदणी क्रमांक पहिल्याच पानावर ठळक छापून घ्यावा. काकांनी अजून नकार दिलेला नाही. वही घेऊन सोमवारी पुन्हा जाणार आहेत.

आपला,
एक वाचक, रामबाग, इंदूर