फॅशन-चित्रे आणि पोशाख यांच्या संग्रहासाठी कोल्हापूरकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

आमच्या महाविद्यालयाच्या फॅशन डिझाइन विभागातील आजी-माजी विद्यार्थ्यांनी काढलेली फॅशन-चित्रे आणि त्यांवरून शिवलेले पोशाख यांचा एक कायमस्वरूपी संग्रह कोल्हापुरात उभा करण्याचे काम माजी विद्यार्थी मंडळाने हाती घेतले आहे. या कामाला वस्तू, पैसा, जागा आणि काम करणारे हात या सगळ्यांचीच गरज आहे. म्हणून शहरातील व जिल्ह्यातील नागरिक, शिंपीकाम करणारे कारागीर, इचलकरंजीचे यंत्रमागधारक, कापड व्यापारी आणि बाहेरगावी अथवा परदेशी स्थायिक झालेले आमचे माजी विद्यार्थी यांच्यापुढे आम्ही हे निवेदन ठेवीत आहोत.

फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला विद्यार्थी जे काम करतो, ते बाहेरच्यांना बहुधा रॅम्पवरच्या काही मिनिटांपुरतेच दिसते. त्यामागे महिनोन्‌महिन्यांची मेहनत असते. आधी विषय ठरतो, मग कापडाचे तुकडे आणि छायाचित्रे चिकटवलेला फलक तयार होतो, मग आकृत्या रंगवल्या जातात, त्यांवरून पुढची-मागची बाजू दाखवणारी सपाट रेखाटने होतात, कागदावर पॅटर्न कापला जातो, मांजरपाटावर कच्ची शिलाई घालून बेतणी तपासली जाते आणि त्यानंतरच खऱ्या कापडाला कात्री लागते. बाहेरून आलेले परीक्षक गुण देतात, शो होतो, आणि हे सगळे साहित्य दोन-तीन महिन्यांत पांगते. पोशाख मैत्रिणीच्या लग्नात वापरला जातो किंवा उसवून त्याचे कापड दुसरीकडे लावले जाते, चित्रांची फाइल माळ्यावर जाते आणि कागदी पॅटर्न तर रद्दीतच जातात. घर बदलताना किंवा मुलीच्या लग्नानंतर खोली आवरताना फाइलही जाते. यात कोणाचा दोष आहे असे आम्ही मानत नाही. ही कामे ठेवायची कुठे, याचे उत्तर आजवर कोणीच दिलेले नव्हते.

जे काही हाती आले आहे त्यातील एका कामाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हा संग्रह कशासाठी हवा ते त्यावरून स्पष्ट होईल. आमच्या एका माजी विद्यार्थिनीने अंतिम वर्षाच्या संग्रहासाठी ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांचा कामाचा पोशाख हा विषय घेतला होता. गळीत हंगामात मराठवाड्यातून आपल्याकडे येणाऱ्या या स्त्रिया उसाच्या पाल्याच्या धारेपासून हात वाचावेत म्हणून साडीवर पुरुषाचा जुना शर्ट चढवतात, हे आपण सर्वांनीच शिवारात पाहिले आहे. त्या शर्टाऐवजी तिने इचलकरंजीच्या जाड सुती कापडाचा, साडीवरच घालता येईल असा लांब बाह्यांचा अंगरखा बेतला. फॅशन-चित्रात मानवी आकृती एरवी नऊ-दहा डोक्यांइतकी उंच काढायची प्रथा आहे, कारण लांबलेल्या आकृतीवर कापड अंगावर कसे पडते ते नीट दाखवता येते. प्रत्यक्षात माणसाची उंची साधारण साडेसात डोक्यांइतकीच असते. या विद्यार्थिनीने मात्र आपली आकृती खऱ्या प्रमाणात, डोक्यावर मोळी घेतलेली, गुडघ्यात किंचित वाकलेली अशी रंगवली. कागदाच्या समासात शिक्षिकेने पेन्सिलीने सूचना लिहिली आहे, की हात वर केल्यावर बाही किती वर सरकते ते मोजून पाहावे. प्रत्यक्ष अंगरखा पाहिला तर काखेत चौकोनी तुकडा जोडलेला दिसतो, त्यामुळे मोळी उचलताना बाही ओढली जात नाही. मनगटाशी दुहेरी कापड आहे, आणि पॅटर्नवर ती रेघ खोडून दोनदा बदललेली आहे. चित्र, समासातली सूचना, पॅटर्नवरची खाडाखोड आणि शिवलेली बाही ही चारही एकत्र असल्यामुळेच एक कल्पना कापडात कशी उतरली ते आज पाहता येते. यांतले एक जरी हरवले असते तरी उरलेल्या तीन वस्तूंचा निम्मा अर्थ गेला असता. म्हणूनच कामे देताना पोशाखासोबत त्याची चित्रे आणि पॅटर्न, आणि चित्रांसोबत पोशाख, असे जे जे शक्य असेल ते एकत्र द्यावे, अशी आमची विशेष विनंती आहे.

कोल्हापूरला या विषयात परकेपणा वाटण्याचे काहीच कारण नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ साली येथे कापड गिरणी सुरू केली, त्याच सुमारास इचलकरंजीत यंत्रमागाची सुरुवात झाली. भारताला पहिले ऑस्कर मिळवून देणाऱ्या वेशभूषाकार भानू अथैया याच शहरात २८ एप्रिल १९२९ रोजी जन्मल्या. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या भानुमती राजोपाध्ये (हे अथैया यांचे माहेरचे नाव) यांनी आपली उमेदवारी ‘इव्ह्ज वीकली’सारख्या नियतकालिकांसाठी फॅशन-चित्रे काढून केली, आणि त्या चित्रांतूनच त्या प्रत्यक्ष कपड्यांकडे व पुढे चित्रपटांकडे वळल्या. ‘गांधी’ चित्रपटासाठी जॉन मोलो यांच्यासह त्यांना १९८३ मध्ये ऑस्कर मिळाले. ते सन्मानचिन्ह आपल्या पश्चात नीट सांभाळले जावे म्हणून २०१२ मध्ये त्यांनी ते ऑस्कर देणाऱ्या अमेरिकेतील अकादमीकडे परत सुपूर्द केले. एवढ्या मोठ्या कलावतीला आपल्या सर्वांत मोलाच्या वस्तूसाठी सातासमुद्रापलीकडचे कपाट सुरक्षित वाटावे, याचा विचार आपण कोल्हापूरकरांनी अवश्य करायला हवा. आमच्या विद्यार्थ्यांची कामे त्या तोडीची आहेत असा दावा आम्ही करीत नाही. पण विशीतल्या हाताची पहिली चित्रे जपली गेली नाहीत, तर पुढे त्यांतल्या कोणाचे नाव झाले तरी तिची सुरुवात कशी होती हे दाखवायला काहीच उरणार नाही.

या कामाची निकड महापुराने वाढवली आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले तेव्हा तळमजल्यावरच्या खोलीत ठेवलेल्या आमच्या फायली भिजल्या. पोस्टर कलर पाण्यात विरघळतो. त्यामुळे त्या चित्रांतील कित्येक कागदांवर पेन्सिलीच्या रेघा आणि रंगाचे ओघळ एवढेच राहिले. पोशाखांपैकी सुती कपडे धुऊन वाचवता आले, परंतु एकाचा रंग दुसऱ्याला लागलेले रेशमी कपडे आणि आतल्या चिकटवलेल्या अस्तराला फुगे आलेली जाकिटे पूर्ववत झाली नाहीत. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर आला तेव्हा शिल्लक साहित्य वरच्या मजल्यावर हलवलेले होते, म्हणून ते वाचले. सध्या ते तेथेच, एका वर्गखोलीच्या कोपऱ्यात, साध्या लोखंडी कपाटात आहे.

पाण्यापासून वाचले तरी धोका संपत नाही. ऐन पावसाळ्यात कोल्हापूरच्या हवेतील आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, आणि कागद व कापड यांना ती साधारण ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर असलेली मानवते. दमट हवेत बुरशी धरते. लोकर आणि रेशीम यांना कसर लागते. खळ घातलेल्या सुती कापडावर व कागदावर चंदेरी किडे येतात. बटर पेपर पिवळा पडून ठिसूळ होतो, सेलोटेपचा डिंक कागदात मुरून तपकिरी डाग पाडतो, नमुन्याचे कापड अडकवलेली टाचणी गंजते आणि तिचा डाग चित्रापर्यंत जातो. स्केच पेनाचे रंग उजेडात उडतात, त्यामुळे अशी चित्रे कायम भिंतीवर टांगून ठेवता येत नाहीत. मांडायची तर मंद, सुमारे ५० लक्स (उजेड मोजण्याचे एकक) इतक्याच उजेडात, आणि तीही ठरावीक काळच. घरोघरी पोशाख प्लॅस्टिकच्या पिशवीत डांबराच्या गोळ्या घालून ठेवले जातात. हेतू चांगला असला तरी त्या पिशवीत ओल कोंडते आणि जरीचे काम काळे पडण्याची भीती राहते. ज्यांच्याकडे अशा पिशव्या आहेत त्यांनी, आम्हाला काही द्यायचे असो वा नसो, कपडा बाहेर काढून धुतलेल्या, विनाखळीच्या मांजरपाटात गुंडाळून ठेवावा.

या सगळ्यावरचे उपाय माहितीतले आहेत आणि फार महागही नाहीत. ते नियमाने करावे लागतात, एवढेच. चित्रे आम्लरहित कागदाच्या घडीत आडवी ठेवायची, त्यासाठी रुंद, उथळ खणांची कपाटे हवीत. वजनदार पोशाख टांगले तर खांद्याशी फाटतात, म्हणून ते पेटीत, घडीच्या जागी मऊ कागदाच्या गुंडाळ्या घालून ठेवायचे. नवीन आलेला लोकरी किंवा रेशमी कपडा आधी हवाबंद पिशवीत घालून उणे २० अंशांच्या आसपास दोन आठवडे गोठवला, तर त्यातली कसर अंड्यांसकट मरते. जगभरची संग्रहालये हीच पद्धत वापरतात. येथे आमची एक वेगळीच विनंती आहे. आपल्या जिल्ह्यात दुग्धव्यवसाय आणि आइस्क्रीमचा धंदा मोठा आहे. त्यातील कोणी एखादा जुना, पण चालू स्थितीतला डीप फ्रीझर आम्हाला दिला, तर कसरीचा प्रश्न कायमचा आटोक्यात येईल. सुतारकाम आणि फॅब्रिकेशन करणाऱ्यांनी खणांची कपाटे मजुरी न घेता किंवा कमी दरात करून दिली, तर देणगीचा मोठा भाग वाचेल. यंत्रमागधारकांनी विनारंगाचा, विनाखळीचा मांजरपाट ताग्यांच्या हिशेबात द्यावा. आणि ज्यांच्याकडे पूररेषेच्या बाहेर, पहिल्या मजल्यावर किंवा त्याहून वर, गळती नसलेली एखादी खोली रिकामी असेल त्यांनी ती निदान काही वर्षांसाठी वापरू दिली, तर त्याइतकी मोठी मदत दुसरी नाही.

पैशांच्या देणगीतून आधी कपाटे आणि पेट्या, त्यानंतर आर्द्रता कमी करणारे यंत्र आणि मोठ्या आकाराचा स्कॅनर घेतला जाईल. ५०० रुपयांपासून पुढची कोणतीही रक्कम आम्ही कृतज्ञतापूर्वक स्वीकारू. देणगी मंडळाच्या खात्यावर धनादेशाने किंवा ऑनलाइन द्यावी, रोख रक्कम घेतली जाणार नाही. खात्याचा तपशील केवळ विभागाच्या कार्यालयातूनच घ्यावा आणि कोणाच्याही वैयक्तिक खात्यावर पैसे पाठवू नयेत. प्रत्येक देणगीची पावती मिळेल व जमाखर्च दरवर्षी महाविद्यालयाच्या सूचना फलकावर लावला जाईल. मंडळाकडे आयकर सवलतीची नोंदणी अद्याप नाही, हे देणगीदारांनी कृपया ध्यानात घ्यावे.

माजी विद्यार्थ्यांच्या मनात हक्कांविषयी शंका असणे स्वाभाविक आहे, म्हणून तेही स्पष्ट करतो. भारतीय कायद्यानुसार चित्राचा स्वामित्वहक्क चित्रकाराचा असतो आणि तो त्याच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे राहतो; कागद आमच्या कपाटात आला म्हणून हक्क आमच्याकडे येत नाही. पोशाखाच्या डिझाइनची गोष्ट निराळी आहे. नोंदणी न केलेले डिझाइन हक्कदाराकडून किंवा त्याच्या परवानगीने औद्योगिक पद्धतीने ५० हून अधिक वेळा उत्पादित झाले की त्यावरचा स्वामित्वहक्क संपतो. म्हणून ज्यांना आपले डिझाइन बाजारात आणायचे आहे त्यांनी ते प्रसिद्ध होण्याआधी नोंदवून घ्यावे, असा आमचा सल्ला आहे, आणि ज्यांना आपले काम प्रदर्शनात मांडायला नको असेल त्यांचे काम फक्त जतन केले जाईल. एक मात्र खरे, की तारखेसह नोंदलेले काम ही निर्मात्याची मोठी पाठराखण असते. २०२५ च्या जूनमध्ये ‘प्राडा’ या इटालियन फॅशन कंपनीने मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरी चपलेसारख्या चपला मूळ उल्लेखाशिवाय मांडल्या, तेव्हा २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन आणि येथल्या कारागिरांची ओळख यांच्या बळावर आपण आवाज उठवू शकलो, आणि कंपनीला त्या प्रेरणेची कबुली द्यावी लागली. एकट्या विद्यार्थिनीच्या मागे असे मानांकन नसते. तिच्यासाठी नोंदच कामी येते.

काम देऊ इच्छिणाऱ्यांनी ते घरी धुऊ नये, इस्त्री करू नये, टेप सोडवायचा प्रयत्नही करू नये. आहे त्या अवस्थेतच आणावे. सोबत एका कागदावर वर्ष, विषय, कापड कुठून घेतले, शिलाईला कोणाची मदत झाली, पोशाख कोणी घातला, हे आठवेल तेवढे लिहावे. ज्या शिंपीकाकांनी आणि आरीकाम करणाऱ्या मावशींनी आमच्या मुलामुलींना रात्री-अपरात्री मदत केली त्यांची नावे या नोंदींत, त्यांच्या संमतीने, यावीत असा आमचा आग्रह आहे. आजवर ती कुठेच लिहिली गेलेली नाहीत. ज्यांना मूळ काम हातचे सोडवत नाही त्यांनी ते स्कॅनिंगसाठी आठ दिवस द्यावे, ते जसेच्या तसे परत मिळेल. निधन पावलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या कुटुंबीयांकडे काही असल्यास आम्हाला कळवावे, मंडळाचे सदस्य स्वतः घरी येऊन पाहतील.

नोंदी लिहिणे, छायाचित्रे काढणे आणि पेट्या बांधणे यांसाठी स्वयंसेवक हवे आहेत. शिवणकामाची जाण असलेल्या गृहिणी, निवृत्त शिक्षक आणि कलामहाविद्यालयांचे विद्यार्थी यांचे विशेष स्वागत आहे. आठवड्यातून एक दुपार देता आली तरी पुरे. कामे व वस्तुरूप मदत दर शनिवारी दुपारी ३ ते ६ या वेळेत विभागाच्या कार्यालयात स्वीकारली जाईल. पावसाळ्यात मात्र चित्रे आणू नयेत, त्यांची केवळ नावनोंदणी करावी आणि दसऱ्यानंतर ती प्रत्यक्ष द्यावीत.

आपले नम्र,
कार्यकारी समिती,
माजी विद्यार्थी मंडळ, फॅशन डिझाइन विभाग, कोल्हापूर