रेटिकची निळी जाळी

बडोदा

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

प्रथिनं बनवणारे रायबोसोम, त्यांना प्रथिनाचा एकेक दुवा, म्हणजे अमिनो आम्ल, आणून देणारे टी-आरएनए, सगळं पाठ आहे पण डोळ्यांना काही दिसत नाही, म्हणालीस. असं कसं? मी लॅबमध्ये ते येता-जाता बघते. रेटिक काउंट (कोवळ्या तांबड्या पेशींची मोजणी) आला की रक्तात न्यू मिथिलिन ब्ल्यू हा रंग मिसळायचा, 37 अंशांवर थोडा वेळ ठेवायचं, काचेवर पातळ स्मिअर काढायचा. तांबड्या पेशींच्या गर्दीत मधूनच एखादीत निळी जाळी दिसते. ते उरलेले रायबोसोम, रंगामुळे गोळा झालेले. त्या पेशीने केंद्रक केव्हाच टाकून दिलेलं असतं, पण जनुकावरून आधी निघालेला संदेश (एम-आरएनए) शिल्लक असतो आणि त्यावरून हिमोग्लोबिन बनवणं चालूच राहतं. एक-दोन दिवसांत जाळी विरते. पुढचे चारेक महिने पेशी आहे त्या मालावर काढते.

आता तुझ्या पाठांतरातली गोम. संदेशातल्या तीन अक्षरांना एक अमिनो आम्ल, हे बरोबर. पण रायबोसोम आम्लाकडे बघतच नाही! टी-आरएनएची तीन अक्षरं संदेशाशी जुळली की त्याचं समाधान. 1962 साली हे त्याला चक्क फसवून दाखवलं. सिस्टीन हे अमिनो आम्ल जोडलेला टी-आरएनए घेतला आणि निकेलच्या साहाय्याने सिस्टीनमधलं गंधक काढून घेतलं, उरलं अ‍ॅलानिन. रायबोसोमने सिस्टीनच्या जागी ते बिनतक्रार लावून टाकलं. म्हणजे खरी जोखीम आधीच्या पायरीवर, त्या त्या टी-आरएनएला नेमकं आम्ल जोडणाऱ्या एन्झाइमांवर. पुस्तकवाले त्यांना एका ओळीत उरकतात, याचा मला राग येतो.

सिकल सेल या रक्ताच्या आजारात तर यंत्रणा कुठेच चुकत नाही. जनुकातच एक अक्षर बदललेलं, म्हणून संदेशात जीएजीऐवजी जीयूजी. मग हिमोग्लोबिनच्या 146 आम्लांच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. दोन्ही पालकांकडून असं जनुक आलं, की ऑक्सिजन कमी पडताच पेशी विळ्यासारखी वाकते आणि लवकर मरते. छोटा उदेपूरच्या आदिवासी पट्ट्यात हा आजार बराच आहे. अशा पेशंटच्या स्लाइडवर रेटिकही पुष्कळ, कारण हाडांतल्या मज्जेला भराभर नव्या पेशी सोडाव्या लागतात.

आणि फिजिक्स सोडायचा विचार डोक्यातून काढ. रायबोसोमच्या रचनेसाठी 2009 चं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यातले व्यंकी रामकृष्णन आपल्या एमएस युनिव्हर्सिटीचे, 1971 चे फिजिक्सचे बी.एस्सी. जीवशास्त्राकडे ते पीएच.डी. झाल्यावर वळले.

कुरिअरने लिलो चिवडो पाठवलाय. रूममेटलाही दे.

तुझी,
आई